बाईंचं थेटर

"मानवजातीच्या इतिहासात अशी स्थळं मोजकीच," सुभाषचंद उभे राहून म्हणाले, "जिथं अज्ञानाचा पडदा कायमचा दूर सरला आणि ज्ञानाचा सूर्य उगवला. आणि मंडळी, त्यांपैकी एका स्थळाच्या छताखाली आपण या क्षणी बसलो आहोत!"

मंडळींनी वर पाहिलं. छतानंही आपला उल्लेख ऐकला असावा. एक कौल सरकलं, वाशावरून घरंगळलं आणि त्याचा मुठीएवढा तुकडा चिवड्याच्या परातीत येऊन पडला.

"सूर्य उगवल्याला दिसतोय की शेठ," धर्माजी भोकाकडं बघत म्हणाले. "सरळ चिवड्यात येतोय."

ही दोन हजार दोन सालची गोष्ट. घोडेगावच्या अलीकडं, भीमाशंकरच्या रस्त्याला डाव्या हाताला ओढेगाव लागतं. लागतं म्हणजे एसटी थांबली तर लागतं. तिथल्या दवाखान्याच्या विश्वस्त मंडळाची सभा चालली होती आणि सभेपुढं विषय एकच होता: दवाखान्याची जुनी इमारत पाडून तिथं दुकानांचे गाळे काढावेत की काय. बाजूनं सगळे होते. विरोधात सुभाषचंद होते. धर्माजी चिवड्यातलं कौल वेचत होते.

सुभाषचंद कापडाचे व्यापारी. आजोबा राजस्थानातून आले, त्याला आता तीन पिढ्या झाल्या. शेठ घरात मारवाडी बोलत, दुकानात मराठी बोलत आणि भाषणात जी भाषा बोलत ती महाराष्ट्रात कुठंच बोलली जात नाही. एरवी मोजूनमापून बोलणारा हा माणूस जुन्या इमारतीचा विषय निघाला की तागा उलगडावा तसा उलगडत जाई आणि गुंडाळायला मग दुसऱ्या कुणाला तरी यावं लागे.

या वेळी गुंडाळायला त्यांचा मुलगा उठला. कल्पेशही विश्वस्त होता आणि नवीन निघालेल्या मोबाइल फोनचं दुकान टाकायची त्याची फार इच्छा होती.

"पप्पा, दवाखाना कुणी बंद करत नाही," तो म्हणाला. "नवी बिल्डिंग रस्त्याला आहे, डॉक्टर आहेत, सगळं तिकडं चालतं. इथं तीन खोल्या, त्यांत वटवाघळं. आज कौल परातीत पडलं, उद्या कुणाच्या डोक्यात पडेल."

"मग डोक्याला लागलेला माणूस आयता दवाखान्यातच असंल की," धर्माजी म्हणाले.

शेवटी ठराव झाला तो असा, की दिवाळीपर्यंत सुभाषचंदांनी छताच्या दुरुस्तीची सोय बाहेरून कुठून तरी करावी. न झाल्यास पाडव्यानंतर जेसीबी आणावा. ठरावाला धर्माजींनी अनुमोदन दिलं. बाहेर आल्यावर सुभाषचंदांनी त्यांच्याकडं असं पाहिलं, की धर्माजींनी टोपी काढून पुन्हा घातली.

"अवो, आजच पाडायचं म्हनत व्हते," ते म्हणाले. "मी दिवाळी मिळवून दिली तुमाला."

आता या तीन खोल्यांत होतं काय, हे सांगायला हवं. आणि ते सांगायचं तर बाईंपासूनच सुरुवात करावी लागते, कारण ओढेगावात काहीही सांगायचं तर बाईंपासून सुरुवात करतात.

डॉक्टर इंद्रायणीबाई सबनीस छत्तीस साली पुण्याहून इथं आल्या. बरोबर एक ट्रंक, एक घोडी आणि हत्यारांची पेटी. खोकल्याचे रोगी येत, तापाचे येत, पण सुरीचं नाव काढलं की बैल जुंपून परत जात. गावात वदंता अशी होती, की ही बाई माणसाला बंद खोलीत नेते, गुंगी देते आणि काळीज काढून पुण्याला पाठवते. पुण्याला काळीज नाही असं इकडच्या लोकांचं आधीपासूनच मत होतं, त्यामुळं वदंता पटायला वेळ लागला नाही.

दुसरा कुणी असता तर अडाणी लोकांना शिव्या देऊन पुण्याला परत गेला असता. बाईंनी गवंडी बोलावला. ऑपरेशनच्या खोलीची एक अख्खी भिंत पाडून घेतली आणि तिथं काच बसवली. पुण्याहून मोटारीतून, पेंढ्यात निजवून, नवरीसारखी आणलेली पहिली काच राजगुरुनगरच्या घाटात फुटली. बाईंनी दुसरी आणली. काचेबाहेर ओसरीवर दगडी पायऱ्या रचल्या, एकीवर एक, म्हणजे मागच्यालाही दिसावं. भिंतीत भोक पाडून ग्रामोफोनचा पितळी भोंगा बसवला, म्हणजे आतला आवाज बाहेर यावा. दाराशी घंटा टांगली. पहिली घंटा झाली की हत्यारं उकळली, दुसरी झाली की रोगी आत आला, आणि तिसरी घंटा झाली की बाहेरच्यांनी तोंडं बंद ठेवायची.

मग त्यांनी गावात दवंडी दिली. ऑपरेशन सगळ्यांनी डोळ्यांनी बघावं. काळीज जागेवर आहे की नाही, खात्री करून घ्यावी. फुकट आहे.

पहिला रोगी तळेघरचा कुशाबा. त्याला अंतर्गळ होता. अंतर्गळ म्हणजे आतडं खाली उतरतं ते, ज्याला हल्ली लोक हर्निया म्हणतात आणि अंतर्गळाइतकंच लपवतात. त्याला झोळीत घालून डोंगर उतरवून आणला होता. तिसरी घंटा झाली, पायऱ्यांवर टाचणी टाकायला जागा नाही, आणि भोंग्यातून बाईंचा आवाज आला:

"ही बघा, ही कातडी. ही मी कापते. हे रक्त. तुमच्याही अंगात हेच आहे, तेव्हा तोंडं वाकडी करायचं काम नाही. आता सांगा, कुशाबाचं काळीज कुठं असतं? वर. माझा हात कुठं आहे? खाली. नीट बघून घ्या. उद्या घरी जाऊन शंका काढायच्या नाहीत."

त्या दिवशी प्रेक्षकांतले दोघं चक्कर येऊन पडले, त्यांतले एक गावचे पाटील. टेबलावरचा कुशाबा मात्र बरा झाला आणि चालत तळेघरला गेला. जाताना वाटेतल्या प्रत्येक वाडीत थांबून, धोतर सैल करून, टाके दाखवत गेला. इतकी जाहिरात हल्ली कुणाला परवडायची नाही.

पुढं तर लोणीपासून लोक भाकरी बांधून ऑपरेशन बघायला येऊ लागले. "तो मुतखडा काय सुरेख काढला राव," अशी चर्चा बाजारात चाले. बाई शेवटपर्यंत तशाच, भोंग्यातून बोलत, लोकांना सांगत, विचारत, दटावत. पावसात घोडी नाही म्हणाली की गमबूट घालून तळेघरपर्यंत चालत जात. चौऱ्याहत्तर साली त्या गेल्या. नवी इमारत झाली, नवीन डॉक्टर आले, भिंती पुन्हा भिंतींसारख्या झाल्या.

तेव्हापासून त्या तीन खोल्या सुभाषचंदांनी जपल्या. थेटर, औषधांची खोली आणि बाईंची राहायची खोली. दर रविवारी दुकान उघडण्याआधी ते किल्ली घेऊन जात, निळ्या बाटल्या पुसत, घोडीच्या खोगिराला तेल लावत, काचेवरून मऊ मलमलीचा बोळा फिरवत. प्रत्येक वस्तूपाशी त्यांनी स्वतःच्या हातानं पाट्या लिहिल्या होत्या. त्यांतली एक अशी: "हे गमबूट बाईंचे आहेत. घालून बघू नयेत." ही पाटी अनुभवातून आलेली होती.

तर दिवाळी जवळ येत चालली, आणि एका सकाळी पेपर वाचता वाचता सुभाषचंद दुकानाच्या गादीवरून एकदम उठले. बातमी छोटी होती. मुंबईच्या कुठल्याशा खात्यानं योजना काढली होती: राज्यातल्या जुन्या, ऐतिहासिक थेटरांच्या जतनासाठी मदत.

"बघितलंत?" त्यांनी धर्माजींना पेपर दाखवला. "सरकारला जाग आली. थेटरं वाचवायची म्हणतात!"

"झ्याक झालं," धर्माजी म्हणाले. "लई उशिरा, पन झ्याक झालं."

इथं वाचक गालात हसले असतील. पण ओढेगावच्या लोकांवर हसण्याआधी त्यांची बाजू समजून घेतली पाहिजे. या भागात तमाशाला फड म्हणतात. सिनेमाला टाकी म्हणतात, मग तो तंबूत असो की पत्र्यात. नाटक जत्रेत होतं आणि ज्याच्यावर होतं त्याला स्टेज म्हणतात. आता उरलेला थेटर हा शब्द कशासाठी राहतो? ऑपरेशनसाठी. साठ वर्षं आख्ख्या पंचक्रोशीत थेटर म्हणजे बाईंचं थेटर. "त्याला थेटरात नेलाय" असं म्हटलं की बायका देव पाण्यात घालत. सुभाषचंदांनी सुनेला, टीनाला, कॉम्प्युटरवर अर्ज टाइप करायला सांगितला. टीनानं सांगितलं तसा केला: बांधकाम छत्तीस सालचं, प्रेक्षकांसाठी दगडी पायऱ्या, लाल पडदा, ध्वनीची खास व्यवस्था, तीन घंटांची प्रथा. अर्जात एक अक्षर खोटं नव्हतं.

दसरा होऊन गेल्यावर पाहणीला साहेब आले. परुळेकर त्यांचं नाव. मुंबईचे, गोरेपान, आवाज नाटकातल्या बापासारखा. जीपमधून उतरले ते फार जपून उतरले, आणि उतरल्यापासून त्यांचा डावा हात पँटच्या पट्ट्याखाली जो चिकटला तो निघेना. खोकला आला की हात आणखी घट्ट.

"पाकीट संभाळतोय," धर्माजी सुभाषचंदांच्या कानात म्हणाले. "म्हंजी पाकीट घेनारा दिसतोय."

 सुभाषचंदांनी कुणाला कधी पाकीट दिलं नव्हतं. कसं देतात हेही त्यांना ठाऊक नव्हतं. कल्पेशला विचारावं तर तो गाळ्यांच्या पार्टीतला.

पण साहेब पायऱ्यांपाशी आले आणि थबकले. खालपासून वरपर्यंत पाहिलं, काच पाहिली, काचेमागचा लाल पडदा पाहिला.

"वा!" ते म्हणाले. "म्हणजे प्रेक्षक उघड्यावर आणि प्रयोग आत! किती बसत?"

"पायऱ्यांवर शंभर-दीडशे," सुभाषचंद म्हणाले. "अंगणातल्या चिंचेवरचे निराळे."

"तिकीट?"

"छे! फुकट. मात्र रडायचं असेल तर फाटकाबाहेर जायचं, असा बाईंचा नियम होता."

"बाई म्हणजे मुख्य नायिका?"

सुभाषचंदांना शब्द नवा वाटला, पण पटला. "नायिकाच म्हणायची साहेब. आख्ख्या तालुक्याची."

साहेबांनी वहीत टिपलं. भोंगा पाहून त्यांचे डोळे मोठे झाले. "ध्वनियोजना! त्या काळात! शब्द कळत?"

"एकूण एक," धर्माजी म्हणाले. "बाईचा आवाज वरच्या आळीपत्तूर जायचा."

"रंगपट कुठं? कलाकारांची खोली? ड्रेसिंग रूम?"

"ड्रेसिंग रूम इकडं." सुभाषचंदांनी औषधांच्या खोलीचं दार उघडलं. "प्रयोग झाल्यावर पंधरा दिवस रोज इथंच ड्रेसिंग." म्हणजे सुभाषचंद 'ऑपरेशन झाल्यावर' म्हणणार होते, पण साहेबांच्या तोंडचा शब्द त्यांच्याही तोंडी बसला होता.

"झाल्यावर?" साहेबांनी भुवई उंचावली आणि मग समजूतदारपणे मान डोलावली. ग्रामीण रंगभूमीच्या चालीरीती वेगळ्या असणारच.

"शेवटचा प्रयोग कधी झाला?"

"मोठा म्हणाल तर एकाहत्तर साली. यांचाच." सुभाषचंदांनी धर्माजींना पुढं केलं.

साहेबांनी धर्माजींकडं आदरानं पाहिलं. "नाव काय होतं?"

"धर्माजी."

"तुमचं नव्हे. प्रयोगाचं."

"अंतर्गळ," धर्माजी म्हणाले.

"अंतर्गळ." साहेबांनी तो शब्द जिभेवर घोळवला. बोलताना त्यांचा हात पट्ट्याखाली नकळत आणखी दाबला गेला. "सामाजिक दिसतंय."

"सामाजिकच म्हना. घरोघर असतंय, बोलत कुनी न्हाई."

"वा! शेवट कसा होता?"

"शेवट झ्याक झाला. मधे जरा पिकलं व्हतं."

"आणि काम करताना भान विसरायचात की नाही?"

"भान? अवो साहेब, मला काय बी कळत नव्हतं. डोळं उघडलं तवा समदं संपल्यालं."

परुळेकर साहेबांनी पेन खाली केलं.  "मुंबईत चाळीस चाळीस वर्षं तालमी करून ही अवस्था येत नाही," ते म्हणाले. "बरं, मंडळीचं नाव काय? म्हणजे नाटक कंपनीचं?"

आणि तिथं सुभाषचंदांना कळलं.

कळलं म्हणजे कसं, तर दुकानात गिऱ्हाईक तासभर साडी बघतं, पोत बघतं, पदर बघतं आणि शेवटी विचारतं, याची सतरंजी होईल का, तेव्हा जसं कळतं तसं. त्यांनी वळून पाहिलं. मागं कल्पेश उभा होता. त्यालाही कळलं होतं. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की त्याला जरा आधीच कळलं होतं.

आता एकच वाक्य पुरेसं होतं. कल्पेश ते बोलला असता, तर साहेब जीपमध्ये, जेसीबी दारात आणि मोबाइलचं दुकान पाडव्याला. सुभाषचंदांनी डोळे मिटून घेतले.

कल्पेश पुढं झाला आणि बापाच्या कानाशी पुटपुटला, "पप्पा, काही बोलू नका. मिळतंय ते मिळू दे."

सुभाषचंदांनी डोळे उघडले. पोराला ते बघतच राहिले. हा गाळ्यांच्या पार्टीतला. लहानपणी रविवारी बरोबर यायचा आणि खोगिरावर बसून "चल घोडी" करायचा, त्याची आठवण त्यांनी कधीच अडगळीत टाकली होती. ती त्याच्याकडं शाबूत निघाली.

गप्प राहणं सोपं होतं. अर्जात खोटं काही नव्हतं, आताही तोंडातून खोटं काही गेलं नव्हतं. गैरसमज साहेबांचा होता, आणि दुसऱ्याच्या मालावर आपण डाग पाडलेला नाही, तो आधीचाच होता, असं म्हणायला व्यापारी माणूस शिकलेला असतो. पण सुभाषचंदांची नजर काचेवर गेली. लोकांना संशय नको म्हणून जिनं भिंत पाडली, आतलं सगळं उघडं केलं, रक्तसुद्धा झाकलं नाही, तिचं थेटर आता झाकून वाचवायचं? बाई असत्या तर भोंग्यातून म्हणाल्या असत्या, नीट बघून घ्या, नंतर शंका काढायच्या नाहीत.

"साहेब," सुभाषचंद म्हणाले. या वेळी भाषणाची भाषा त्यांना सापडली नाही. "चूक झाली. हे नाटकाचं थेटर नाही. ऑपरेशनचं आहे. धर्माजींनी काम नाही केलं, त्यांच्यावर काम केलं."

 धर्माजींनी सदरा वर करून व्रण दाखवायला घेतला. "ह्यो बघा," ते मदतीच्या भावनेनं म्हणाले.

साहेब हळूच, फार हळूच, पायरीवर बसले. "म्हणजे तो प्रेक्षक?"

"नातेवाईक. आणि ज्यांना खात्री करून घ्यायची ते सगळे."

"आणि ऑपरेशन उघडं बघायचं, मग हा पडदा कशाला?"

सुभाषचंदांनी काचेवर, पडद्यासमोर, हात ठेवला. लाल खारव्याचा. व्यापाऱ्यांच्या चोपड्यांना वेष्टन घालतात तो.

"पडदा माझ्यासाठी, साहेब," ते म्हणाले. "अडतीस साली माझी आई, धापूबाई, दोन दिवस अडली होती. मूल आडवं. बाई म्हणाल्या, पोट उघडावं लागेल, आत्ता. पण आमच्याकडं सासऱ्यापुढंसुद्धा घुंगट. सगळ्या गावासमोर काचेत? आजोबा नाही म्हणाले. आजी नाही म्हणाली. आई तर मरते म्हणाली पण तिथं जात नाही म्हणाली. बाई चिडल्या नाहीत. माझ्या बापाला म्हणाल्या, कापडाचं दुकान तुमचं ना? मग पडदा आणा. बाप धावत गेला आणि हातात आला तो आख्खा तागा घेऊन आला. मापायला थांबला नाही. आमच्या घराण्यात कापड न मापता दिल्याची ही एवढीच नोंद आहे."

कल्पेश खाली बघत होता. ही गोष्ट त्यानं शंभरदा ऐकली असेल. पण या वेळी तो पायरीवर येऊन बसला, साहेबांच्या खालच्या पायरीवर.

"सगळं गाव इथं बसलं होतं," सुभाषचंद म्हणाले. "समोर नुसता लाल पडदा. दिसत काही नाही, फक्त भोंगा. बाईंचा आवाज आला, धापूबाई ठीक आहे. लोक हुश्श करतायत तोवर पुन्हा आवाज आला, मुलगा आहे. आणि मग म्हणाल्या, रडत नाही."

त्यांनी काचेवरचा हात काढला.

"बाईंनी लपवलं नाही, साहेब. दुसरी कुणी असती तर आधी रडवलं असतं आणि मग सांगितलं असतं. बाई म्हणाल्या, रडत नाही, थांबा. मग भोंग्यातून नुसती थापट्यांची फटफट. आजोबा इथं, या पायरीवर बसले होते. आणि मग मी ओरडलो म्हणतात. असा ओरडलो, की भोंग्यावरची चिमणी उडाली. आणि सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या."

"टाळ्या?" साहेब म्हणाले.

"कडकडून. आयुष्यात मला मिळालेल्या तेवढ्याच. भाषणं मी पुष्कळ केली, पण त्यांना मिळाल्या नाहीत."

"त्या मिळायच्या बी न्हाईत," धर्माजी म्हणाले, पण हळू म्हणाले आणि उपरण्यानं नाक पुसलं.

सुभाषचंदांनी दाराशी जाऊन घंटेची दोरी धरली. एक ठोका. थांबून दुसरा. मग तिसरा. तिसऱ्याला चिंचेवरचे पोपटसुद्धा गप्प झाले. आत जाऊन पडदा ओढून ते बाहेर आले. आत ऊन पडलं होतं, छताच्या भोकातून नेमकं टेबलावर. पांढऱ्या दगडाचं टेबल, कडेला वाहून जायची पन्हळ, कोपऱ्यात उकळायचा बंब, खुंटीला बाईंचा पांढरा झगा. कुणी नव्हतं. तरी पायऱ्यांवरच्या कुणालाही कुणी नाही असं वाटलं नाही.

परुळेकर साहेबांनी वही मिटून मांडीवर ठेवली.

"मी राज्यभर थेटरं तपासत हिंडतो," शेवटी ते म्हणाले. "खुर्च्या असतात, माणसं नसतात. पडदा असतो, तो अडकलेला. इथं माणसं जीव मुठीत धरून बघत होती, आणि समोरचा खरंच मरू शकत होता. आणि पडद्याआडून येणाऱ्या रडण्याला टाळी." त्यांनी वही उघडली. "आमच्या नियमांत नाटक हा शब्द कुठंच नाही, शेठ. 'प्रयोग' आहे, 'प्रेक्षक' आहेत. मी स्वच्छ लिहितो: ऑपरेशनचं थेटर, बांधणारी डॉक्टर, प्रयोग जिवंत माणसांवर, बहुतेक यशस्वी. शिफारस करतो. पुढं मुंबईत कुणी वाचत बसत नाही. शिफारस आली की छत येतं."

त्यांनी सही केली. धर्माजींनी टोपी काढली आणि या वेळी पुन्हा घातली नाही. कल्पेश उठला, आत पडद्यापाशी गेला आणि त्याची एक सुटलेली कडी परत गजात अडकवली.

सुभाषचंदांच्या ओठांवर भाषण आलं होतं. मानवजाती, इतिहास, सूर्य, सगळं रांगेत उभं होतं. तेवढ्यात साहेबांनी त्यांचं कोपर धरलं.

"शेठ, जरा बाजूला येता? माझी एक छोटीशी मागणी आहे."

 पाकीट. एवढं बोलून शेवटी पाकीटच. साहेब त्यांना ड्रेसिंगच्या खोलीत घेऊन गेले, दार लोटलं आणि निळ्या बाटल्यांच्या साक्षीनं इकडंतिकडं पाहिलं.

"बोला," सुभाषचंद म्हणाले.

साहेबांनी सकाळपासून पहिल्यांदाच पट्ट्याखालचा हात काढला आणि जिथून काढला तिकडं बोट दाखवलं.

"दोन वर्षं झाली. खोकलं की खाली येतं. घरीसुद्धा बोललो नाही."

"अंतर्गळ?" सुभाषचंदांच्या तोंडून निघालं.

"सामाजिक," साहेब कुजबुजले. "तुमच्या नव्या बिल्डिंगीत होईल ना? होत असेल तर दिवाळीच्या सुट्टीत येतो. फक्त पडदा तेवढा लावा. आणि तिथं भोंगा असेल, तर त्यात एक कापसाचा बोळा कोंबून ठेवा."